अकिलीस टेंडन (पोटरीच्या स्नायूला टाचेच्या हाडाशी जोडणारा जाड पट्टा) दुखत असताना अव्वल लांब पल्ल्याचे धावपटू पूर्ण विश्रांती घेतात का? परतायला किती वेळ लागतो?

सहसा नाही, ते धावणं कमी करतात, पण पोटरीवर भार देणारे व्यायाम चालूच ठेवतात, आणि परतायला साधारण तीन महिने धरावेत, दुखणं जुनं असेल तर बरेच जास्त. विश्रांतीने हा टेंडन शांत होतो, मजबूत होत नाही, आणि धावताना त्याच्यावर शरीराच्या वजनाच्या सहापट किंवा त्याहून जास्त ताण येतो. स्वीडनचे डॉक्टर हाकन आल्फ्रेडसन यांचा 1998 मधला व्यायामाचा कार्यक्रम आजही वापरात आहे: पायरीच्या कडेवर उभं राहून टाच सावकाश खाली सोडायची, 15 चे 3 सेट गुडघा ताठ ठेवून, तेवढेच वाकवून, दिवसातून दोनदा, 12 आठवडे. कंटाळवाणं आहे, म्हणूनच बरेच जण मध्येच सोडतात. 2007 च्या एका स्वीडिश अभ्यासात वेदना 10 पैकी 5 च्या आत ठेवून धावत राहिलेलेही सुधारले. दुसऱ्या दिवशी सकाळी ताठरपणा वाढला, तर आदल्या दिवशी जास्त झालं समजा.

मात्र दुखणं टेंडन टाचेच्या हाडाला जोडतो तिथेच असेल, तर टाच पायरीखाली सोडू नये. तिथे कधी शस्त्रक्रियाही लागते: अमेरिकेचा मॅरेथॉन धावपटू गेलन रप याची 2018 च्या ऑक्टोबरमध्ये झाली, 2019 ची शिकागो मॅरेथॉन त्याने अर्धवट सोडली आणि फेब्रुवारी 2020 मध्ये ऑलिंपिक निवड मॅरेथॉन जिंकली.