वाचकांचे प्रश्न : ज्यू निर्वासितांचं संगीत आणि घरातलं जुनं व्हायोलिन

मागच्या अंकात हिटलरच्या राजवटीतून निसटलेल्या ज्यू वादकांवर लेख होता. त्यावर आलेल्या पत्रांमधले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

*आकाशवाणीची सकाळची धून एका ज्यू निर्वासिताने केली, असं ऐकलं. ती तर आपल्याला शिवरंजनीसारखी वाटते. मग हे खरं कसं? (वाचक, डोंबिवली)*

ही धून वॉल्टर कॉफमन यांच्या नावावर आहे. १९०७ साली आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या कार्ल्सबाडला जन्मलेले कॉफमन बर्लिन आणि प्राग इथे शिकले. पीएच.डी. हातात यायची वेळ आली, तेव्हा आपले प्राध्यापक नाझी संघटनेत आहेत हे त्यांना कळलं आणि त्यांनी ती पदवीच नाकारली. १९३४ साली ते मुंबईला आले, कारण इथला व्हिसा मिळत होता. थोडे दिवस राहायचं म्हणून आलेला हा माणूस १२ वर्षं राहिला.

शिवरंजनीचे सूर सा, रे, कोमल ग, प आणि ध. धुनेत त्याची छाया आपल्या कानाला लगेच जाणवते. खाली तानपुरा आणि वर व्हायोलिन, एवढ्या दोन थरांवर ती उभी आहे. हे जमलं ते ऐकण्याच्या कष्टामुळे. हिंदुस्थानी संगीत पहिल्यांदा कानावर पडलं तेव्हा कॉफमनना ते अगदी परकं वाटलं होतं. पण एवढी माणसं ज्यावर जीव टाकतात त्यात काही नाही असं कसं होईल, कमी आपल्यातच असणार, असं धरून ते ऐकत राहिले. पुढे उत्तर हिंदुस्थानी रागांवर त्यांनी मोठा ग्रंथ लिहिला.

पोटापाण्याचं म्हणाल तर त्यांनी एकाच दोरीवर भार टाकला नाही. रेडिओच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचं काम, शिकवण्या, बर्लिनपासूनचे मित्र मोहन भवनानी यांच्या चित्रपटांसाठी संगीत आणि विलिंग्डन जिमखान्यात चेंबर संगीताच्या, म्हणजे मोजक्या वादकांच्या, बैठका, असं सगळं चालू होतं. या बैठकांमध्ये व्हायोलिनवर मेहली मेहता असत. त्यांचे चिरंजीव झुबिन यांचा उल्लेख पुढच्या उत्तरात येईलच.

*वाद्य वाजवता येतं एवढ्यावर माणूस वाचला, हे अतिशयोक्त वाटतं. नक्की काय होत असे? (वाचक, नाशिक)*

अतिशयोक्ती नाही. पण नुसती कला पुरत नसे. कुणाला तरी त्या वादकाची गरज असावी लागे, आणि ती गरज कागदावर यावी लागे.

एप्रिल १९३३ च्या कायद्यानंतर जर्मनीतल्या सरकारी वाद्यवृंदांमधून ज्यू वादक काढले गेले. देश सोडायचा तर मालमत्तेच्या चौथाई इतका 'पलायन कर' भरायचा, बरोबर न्यायच्या प्रत्येक वस्तूची यादी मंजूर करून घ्यायची, आणि रोख फक्त १० राइशमार्क (तेव्हाचं जर्मन चलन). त्यातही जायचं कुठे? पॅलेस्टाइनमध्ये ब्रिटिशांचे प्रवेश-दाखले मोजूनमापून मिळत.

पोलंडचे व्हायोलिनवादक ब्रोनिस्लाव हुबरमान यांनी इथेच वाट काढली. तेल अवीवला नवा वाद्यवृंद उभा करायचा, त्यासाठी युरोपभर फिरून वादक निवडायचे आणि प्रत्येकाला नोकरीचा करार द्यायचा. करार असला की दाखल्याची मागणी करता येई, आणि दाखला मिळाला की बायकामुलंही बरोबर निघत. सुमारे ७० खुर्च्या भरायच्या होत्या. म्हणजे वाचलेली माणसं त्याच्या कितीतरी पट. मात्र यातली काळी बाजू विसरू नये. निवड वादनावर होती. तिसऱ्या ओबोची (हे एक फुंकून वाजवायचं वाद्य) जागा नसेल तर तिसरा ओबोवादक मागेच राहिला.

२६ डिसेंबर १९३६ ला पहिला कार्यक्रम झाला. तालीम विल्यम स्टाइनबर्ग यांनी करून घेतली होती आणि संचालन इटलीचे नामवंत संचालक आर्तुरो तोस्कानिनी यांचं होतं. तोस्कानिनींनी मानधन घेतलं नाही. हाच पुढे इस्रायल फिलहार्मोनिक झाला, आणि २०१९ पर्यंत कित्येक दशकं त्याची धुरा झुबिन मेहतांकडे होती. कॉफमनबरोबर मुंबईत वाजवणाऱ्याचा मुलगा हुबरमानच्या वाद्यवृंदापुढे उभा राहिला.

*आउशवित्झमध्ये कैद्यांचा वाद्यवृंद होता म्हणे. मारेकऱ्यांसाठी वाजवणं म्हणजे त्यांना साथ देणंच नाही का? (वाचक, सांगली)*

प्रश्न रास्त आहे, पण त्या जागेवरून पाहायला हवं. बिर्केनाऊ हा आउशवित्झ छळछावणीचाच भाग. तिथल्या बायकांच्या छावणीतला वृंद रोज सकाळ-संध्याकाळ फाटकाशी कूच गीतं वाजवत असे. कामावर जाणाऱ्या रांगांची पावलं जुळावीत आणि मोजणी सोपी व्हावी म्हणून. वाजवणं ही सक्तीची मजुरी होती. तिचा मोबदला म्हणजे आणखी एक दिवस.

१९४३ च्या डिसेंबरात तेव्हाच्या जर्मनीतल्या ब्रेस्लाउची १८ वर्षांची अनिता लास्कर तिथे पोचली. केस कापणं, हातावर आकडा गोंदणं चालू असताना आपण चेलो वाजवतो, असं ती बोलून गेली. वृंदात व्हायोलिनं, मेंडोलिनं, अकॉर्डियन होती. खर्जाचं वाद्य वाजवणारं कुणी नव्हतं. त्या रिकाम्या खर्जाने तिला वाचवलं. वृंद चालवत होत्या आल्मा रोझे, संगीतकार गुस्ताव मालर यांची भाची. त्या चुकीला माफी देत नसत, कारण वादन ढासळलं तर वृंदाची गरजच उरणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या स्वतः एप्रिल १९४४ मध्ये छावणीतच वारल्या. त्यांच्या वृंदातल्या बहुतेक जणी वाचल्या. अशा कडकपणाला साथ म्हणायचं आम्हाला पटत नाही. ती राखण होती.

अनिता १९४६ साली इंग्लंडला गेल्या आणि इंग्लिश चेंबर ऑर्केस्ट्राच्या संस्थापकांपैकी एक झाल्या. मुलगा राफाएल वॉलफिश नामवंत चेलोवादक, नातू सायमन चेलोही वाजवतो आणि गातोही. वारसा हा शब्द इथे शब्दशः लागू आहे. ज्या वाद्याने आजी वाचली, तेच तिसऱ्या पिढीच्या मांडीशी आहे.

*बेने इस्रायलांची मराठी कीर्तनंही याच वारशात मोजायची का? (वाचक, अलिबाग)*

नाही. बेने इस्रायल हे ज्यू पिढ्यान्‌पिढ्या कोकणातलेच. त्यांची मराठी कीर्तनं एकोणिसाव्या शतकात इथल्याच कीर्तनपरंपरेतून आली. ठेवा मोलाचा आहे, त्यावर स्वतंत्रपणे लिहू.

*आजोबा मुंबईत एका युरोपियन ज्यू शिक्षकांकडे व्हायोलिन शिकले. ते देश सोडून जाताना त्यांनी दिलेलं वाद्य घरात आहे. आत 'स्ट्रादिवारियस, १७२१' अशी चिठ्ठी आहे. कड उकलली आहे, घोडी पडली आहे. विकावं की दुरुस्त करावं? (वाचक, पुणे)*

आधी चिठ्ठीबद्दल. स्ट्रादिवारियस म्हणजे इटलीतल्या क्रेमोनाचे विख्यात व्हायोलिन कारागीर. 'आंतोनियस स्ट्रादिवारियस क्रेमोनेन्सिस' अशी छापील चिठ्ठी मध्य युरोपातल्या मार्कनॉयकिर्शेन, मिटेनवाल्ड, श्योनबाख इथल्या कारखान्यांनी लाखो वाद्यांत चिकटवली. फसवणुकीपेक्षा नमुना कोणाचा, हे सांगण्याची ती रीत होती. तिच्यावरून किंमत ठरवू नका. खाली 'मेड इन जर्मनी' असेल तर बहुधा १८९१ नंतरचं. 'चेकोस्लोव्हाकिया' असेल तर १९१८ नंतरचं. मध्य युरोपातल्या सामान्य घरांत मुलं अशाच वाद्यांवर शिकत, त्यामुळे तुमचं वाद्य अगदी त्यांच्याच जातीचं असू शकेल.

आता दुरुस्ती. घोडी, म्हणजे तारा उचलून धरणारी लाकडी पट्टी, पडलेल्या वाद्याला स्वतः तारा चढवू नका. आत सुमारे ६ मिलिमीटर जाडीची स्प्रूस लाकडाची एक दांडी असते. ती चिकटवलेली नसते, घोडीच्या उजव्या पायाच्या किंचित मागे नुसती दाबाने उभी असते. फ्रेंच आणि इटालियन कारागीर तिला 'आत्मा' म्हणतात. तारा सैल झाल्या की ती पडते. वाद्य हळूच तिरकं करा. आत काही गडगडलं तर तीच. दांडी नसताना तारा ताणल्या तर चारही तारांचा मिळून २० किलोच्या वरचा ताण पडतो आणि पोट, म्हणजे वरची फळी, खचतं किंवा चिरतं. कड उकलली तरी वाद्य वाचतं. पोट गेलं की काम खर्चाचं होतं.

कड उकलणं हा दोष मानू नका. पोट आणि पाठ बाजूच्या पट्ट्यांना सरसाने (प्राण्यांपासून केलेल्या गोंदाने) जोडलेली असतात, आणि पावसाळ्यात लाकूड फुगलं की सरसाचा सांधा आधी सुटतो म्हणून लाकूड चिरत नाही. म्हणूनच पांढरा गोंद किंवा झटपट चिकटणारा गोंद कधीही लावू नये. तो लाकडापेक्षा घट्ट बसतो, पुढच्या वेळी फळीच फाटते, आणि लाकडात मुरल्यावर त्यावर सरस धरत नाही. जाणकार कारागीर पातळ गरम सरस घालून, शिकंजे लावून एक दिवस ठेवतो. एवढंच काम असतं.

दुरुस्तीनंतर तारा बदलायच्या तर एकेक करून बदला. प्रत्येक वेळी सूर लावल्यावर घोडी बाजूने पाहा. तारा ओढताना ती फिंगरबोर्डकडे (बोटं टेकतात त्या पट्टीकडे) झुकते. शेपटीकडची तिची बाजू पोटाशी काटकोनात हवी, पाय पूर्ण टेकलेले हवेत. वाजवून झालं की गजाचे केस सैल करा आणि राळेची पूड सुक्या मऊ कापडाने पुसा. स्पिरिट आणि सॅनिटायझर वार्निश विरघळवतात.

पेटीत छोटा आर्द्रतामापक ठेवा. ४० ते ६० टक्के बरं. पावसाळ्यात पेटी बाहेरच्या भिंतीला लावून ठेवू नका, आणि ओलसर खोलीतून थेट एसीच्या झोतातही नेऊ नका. दमटपणापेक्षा हा झटका वाईट. पेटी महिनोन्‌महिने बंद राहिली की गजाचे केस किडे खातात. ती अधूनमधून उघडून उजेडात ठेवावी.

विकायचं की नाही, हे तुमच्यावर. पण आधी एक काम करा. छोटी टॉर्च आणि दातांच्या डॉक्टरांचा असतो तसला आरसा घेऊन वरच्या फटींतून आत पाहा. दुरुस्ती करणारे आतल्या लाकडावर पेन्सिलीने नाव, गाव, साल लिहीत. त्या नोंदींवरून वाद्याचा प्रवास कळतो. एका व्हायोलिनच्या आत तर दुरुस्ती करणाऱ्याने स्वस्तिक काढून 'हाइल हिटलर, १९३६' असं लिहून ठेवलेलं सापडलं, आणि ज्यू मालक ते नकळत वाजवत राहिला होता. ते वाद्य तेल अवीवच्या आम्नोन वाइनस्टाइन यांच्याकडे आलं. छळछावण्या आणि पळापळीतून उरलेली कितीतरी व्हायोलिनं त्यांनी दुरुस्त करून पुन्हा मंचावर आणली. हे मात्र तसंच ठेवलं. त्यांचे वडील मोशे यांनी युद्धानंतर जर्मन बनावटीची वाद्यं विकत घेतली होती, कारण वाद्यवृंदातले वादक ती हातात धरायला तयार नव्हते.

तसंच पेटीचे अस्तराचे खिसे आणि आजोबांच्या वह्या तपासा. शिक्षकांनी स्वरांवर पेन्सिलीने लिहिलेले बोटांचे आकडे आणि गजाच्या वर-खालीच्या खुणा दिसतील. त्या त्यांना त्यांच्या शिक्षकांकडून आलेल्या असतात. आमच्या मते लाकडापेक्षा हाच अस्सल वारसा. पानं खोडरबर न लावता स्कॅन करा आणि वाद्य कोणाकडून, कुठे, कोणत्या साली आलं, ते घरातल्या मोठ्यांना विचारून आजच लिहून काढा.

आणि कारागिराकडे वाद्य देताना जुनी घोडी, खुंट्या, आतली दांडी परत हवी, असं बजावून सांगा. नाहीतर ती टाकून दिली जातात. तारीख घालून कागदी पाकिटात, पेटीतच ठेवा.