बाबांनी क्लिनिकल ट्रायलमध्ये नाव घालावं का?

तुमच्या प्रश्नाचा सारांश वाचणाऱ्यांसाठी आधी सांगतो. घर फोंड्याजवळ. बाबा ६२ वर्षांचे, मधुमेह जुना. त्यांच्या डॉक्टरांनी एका नव्या औषधाच्या ट्रायलमध्ये, म्हणजे माणसांवर होणाऱ्या चाचणीत, नाव घालणार का म्हणून विचारलंय. औषध आणि तपासण्या फुकट. काका म्हणतात, 'उंदीर करून टाकतील.' आई म्हणते, 'डॉक्टर सांगतात म्हणजे चांगलंच असणार.'

माझ्या मते दोघंही चुकतात, पण आईंची चूक जास्त महागात पडू शकते.

मी डॉक्टर नाही. शाळेत शिकवून निवृत्त झालो आणि गोव्यातल्या एका रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीवर, म्हणजे ट्रायलमधल्या माणसांचं हित जपलं जातंय का हे बघून मान्यता देणाऱ्या समितीवर, बिगरवैद्यकीय सदस्य म्हणून बसतो. अशी कमिटी किमान सात जणांची लागते, त्यातले निम्मे तरी त्या रुग्णालयाबाहेरचे, अध्यक्षही बाहेरचाच. एक कायदा जाणणारा लागतो आणि माझ्यासारखा एक सामान्य माणूसही. आमच्यापुढे येणारे कागद गोपनीय असतात, तेव्हा कुठल्याही एका ट्रायलबद्दल बोलणार नाही.

आता आईंचं म्हणणं घेऊ. नवं औषध जुन्यापेक्षा सरस आहे हे माहीत असतं तर ट्रायल करायची गरजच नव्हती. कुणाला नवं औषध आणि कुणाला जुनं किंवा नुसती दिसायला तशीच, औषध नसलेली गोळी, हे चिठ्ठी टाकल्यासारखं संगणक ठरवतो. बहुतेक वेळा बाबांना काय मिळतंय हे खुद्द डॉक्टरांनाही कळत नाही. तातडीची वेळ आली तर मात्र ते उघड करून पाहायची सोय ठेवलेली असते. मधुमेहात अशी बिनऔषधाची गोळी दिली तरी सहसा चालू औषधं तशीच ठेवून वर ती देतात. पण 'सहसा' या शब्दावर समाधान मानू नका. बाबांच्या आत्ताच्या गोळ्यांपैकी कुठली बंद होणार का, हे थेट विचारा.

मधुमेहाचंच उदाहरण देतो. रोझिग्लिटाझोन नावाचं औषध साखर छान उतरवायचं आणि जगभर लाखो लोक ते घेत होते. २००७ मध्ये सगळ्या अभ्यासांचे आकडे एकत्र मांडल्यावर हृदयविकाराच्या झटक्याची शंका पुढे आली आणि २०१० मध्ये भारतात त्याच्यावर बंदी आली. २००८ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने सांगितलं की मधुमेहाचं नवं औषध हृदयाला घातक नाही हे दाखवावं लागेल. त्यानंतरच्या मोठ्या ट्रायल्समध्ये उलटाच शोध लागला. हृदयविकार असलेल्या सात हजारांवर मधुमेहींवर एम्पाग्लिफ्लोझिन तपासलं, तर हृदयविकाराने होणारे मृत्यू बऱ्यापैकी घटले. हा निकाल २०१५ चा. आज हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्या मधुमेहींना डॉक्टर त्या जातीच्या गोळ्या लिहून देतात, त्यामागे त्या हजारो अनोळखी माणसांच्या सह्या आहेत.

आणि ट्रायल म्हटलं की नवी गोळीच असं नाही. आपल्या गोव्यातच याचा चांगला दाखला आहे, पण इथल्याच लोकांना तो फारसा माहीत नसतो. 'संगथ' ही मानसिक आरोग्यावर काम करणारी इथलीच संस्था. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ट्रायलमध्ये, गोव्यातल्या रुग्णालयांत येणाऱ्या उदासी-चिंतेच्या ४५० रुग्णांमध्ये फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध, समुपदेशन आणि बिनऔषधाची नुसती गोळी यांची तुलना केली. दोन महिन्यांनी फ्लुओक्सेटिन सरस ठरलं. समुपदेशन नुसत्या गोळीच्या पुढे गेलं नाही. समुपदेशनावर विश्वास असलेल्यांना हा निकाल आवडला नसणार, तरी तो छापला गेला. पुढे पद्धत बदलून, गावातल्याच, डॉक्टर नसलेल्या माणसांना शिकवून पुन्हा पारखलं. गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या पाचशेच्या आसपास रुग्णांना घेतलं. निम्म्यांना नेहमीच्या उपचाराबरोबर सहा ते आठ बैठका दिल्या. तीन महिन्यांनी बैठका घेतलेल्यांतले ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते, बाकीच्यांतले ३९ टक्के. नुसत्या बोलण्याने काय होणार, असं म्हणणाऱ्यांना दाखवायला आता आकडा आहे. पहिला निकाल दडपला असता तर दुसरी पद्धत कुणी शोधली असती, असं मला वाटत नाही.

याच्या उलट काय होतं तेही आपण इथेच पाहिलं. मे २०२१ मध्ये, ऑक्सिजनसाठी धावाधाव चालू असताना, राज्य सरकारने जाहीर केलं की अठरा वर्षांवरच्या प्रत्येकाला कोविड टाळण्यासाठी आयव्हरमेक्टिन द्यायचं, १२ मिलिग्रॅम, पाच दिवस. जागतिक आरोग्य संघटना तेव्हा सांगत होती की हे औषध फक्त ट्रायलमध्येच वापरा. पुढच्या वर्षी ब्राझीलमधल्या तेराशेवर रुग्णांच्या ट्रायलचा निकाल आला आणि त्यात रुग्णालयात दाखल व्हायचं प्रमाण या औषधाने घटलं नाही. घाबरलेल्या माणसाने गोळी मागणं मी समजू शकतो. पण ती देऊन काय झालं हे मोजायची व्यवस्था नसेल तर त्यातून कुणालाच काही कळत नाही. उंदीर व्हायची भीती असेल तर ती मला अशा वाटपाची जास्त वाटते.

काकांची भीती हवेतली नाही, हेही सांगायला हवं. या देशात परवानग्या आणि संमतीचे घोळ झालेत, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि त्यानंतर नियम कडक झाले. सध्याचे नियम २०१९ चे. बाबांना गंभीर इजा झाली तर डॉक्टरांनी चोवीस तासांच्या आत वर कळवायचं असतं. ती ट्रायलमुळे नाही असं ठरेपर्यंत त्या इजेचा इलाज फुकट, आणि ती ट्रायलमुळे झाली असं ठरलं तर भरपाई वेगळी. 'मी भरपाई मागणार नाही' असं कुठल्याही कागदावर लिहून घेता येत नाही. तसं वाक्य दिसलं तर तिथूनच उठा. शिवाय ट्रायलची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत असायलाच हवी. २००९ पासून ते सक्तीचं आहे. नोंदणी क्रमांक मागून घ्या आणि संकेतस्थळावर घाला : कुठला टप्पा, कुठली केंद्रं, कुठल्या कमिटीची मान्यता, सगळं दिसतं. टप्पा तिसरा असेल तर औषध आधी शेकडो माणसांनी घेतलेलं असतं. पहिला असेल, म्हणजे औषध माणसांवर नुकतंच तपासायला घेतलेलं, तर मी माझ्या वडिलांना नको म्हटलं असतं.

संमतीपत्र घरी आणा. हा तुमचा हक्क आहे. जाडजूड असतं, आणि मराठी बऱ्याचदा ओढूनताणून केलेलं. सगळं नाही वाचलं तरी भेटींचा तक्ता वाचा, कारण माणसं ट्रायल सोडतात ती बहुधा तिथेच. आमच्या बैठकीत डॉक्टर मंडळी मात्रेवर तास तास बोलतात; मी विचारतो की उपाशीपोटी रक्त सकाळी आठला घेणार, तर वाळपईचा माणूस किती वाजताची कदंबा बस पकडणार? इन्सुलिन घेणारा माणूस रिकाम्या पोटी दीड तास बसमध्ये बसला आणि साखर उतरली, तर बघायला कोण आहे? रक्त दिल्यावर भाजी-पाव तरी कोण देणार, की कॅन्टीन शोधत फिरायचं? प्रवासखर्च दर भेटीला हातात मिळतो की शेवटी एकदम? यातल्या काही गोष्टी मग कागदावर येतात. तुमच्या बाबांच्या कागदावर त्या आहेत का बघा. नसतील तर विचारा. विचारल्याने कुणी नाव काढत नाही.

फुकट औषधाचा हिशेब मात्र ट्रायलच्या शेवटच्या दिवसापर्यंतच धरा. नवं औषध बाबांना मानवलं तरी ते पुढेही फुकट मिळेल असं गृहीत धरू नका. नियमांत तशी सोय आहे, पण ती दुसरा इलाज नसलेल्या आजारांसाठी, आणि मधुमेहाला इलाज भरपूर आहेत. दर रुग्णामागे डॉक्टरांना किंवा रुग्णालयाला कंपनीकडून पैसे मिळतात, हेही ध्यानात ठेवा. त्यात बेकायदा काही नाही, तो करार कमिटीपुढे येतो. पण ज्यांच्यावर तुमची भिस्त आहे त्यांचाही यात व्यवहार आहे, म्हणून दुसऱ्या एखाद्या डॉक्टरांना कागद दाखवणं बरं. तुमचे नेहमीचे फॅमिली डॉक्टर असतील तर उत्तमच.

आणि सही बाबांची. तुमच्या पत्रात आई बोलतात, काका बोलतात, तुम्ही बोलता. बाबांना काय वाटतं ते एका ओळीतही नाही. ते शुद्धीवर आहेत, समजतंय, तर घरच्यांनी ठरवून त्यांना नेऊन बसवायचं नाही, आणि अडवायचंही नाही. ते नको म्हणाले किंवा मधेच सोडावंसं वाटलं तर कारण न देता सोडता येतं, आणि नेहमीचे उपचार तिथेच पूर्वीसारखे चालू राहायला हवेत. कुणी तोंड वाकडं केलं तर संमतीपत्रावर एथिक्स कमिटीचा नंबर असतो, तिथे फोन करा.