प्रश्न तुमचे : ‘मी ढच आहे’ म्हणणाऱ्या मुलाला काय सांगू?

प्रश्न : माझा मुलगा सहावीत आहे. तोंडी विचारलं तर सगळं सांगतो. लिहायला बसला की ‘घ’चा ‘ध’ होतो, जोडाक्षरं गळतात, फळ्यावरचं अर्धंच उतरवून होतं. तपासणीत अध्ययन अक्षमता निघाली. त्याला अजून सांगितलेलं नाही. हल्ली वही मिटून ‘मी ढच आहे’ म्हणतो. ह्यांचं म्हणणं, मार्क सुधारेपर्यंत कबड्डी बंद. काय करू?
– एक आई, कोपरखैरणे

उत्तर : ताई, कबड्डी बंद करू नका. बाकी सगळं सावकाश झालं तरी चालेल, पण हे आजच ठरवा. वर्गात रोज मागे पडणारा हा मुलगा संध्याकाळी चढाईला जातो, गडी बाद करून परत येतो. आपल्याला काही जमतं, हे त्याला तिथे कळतं. मार्कांसाठी ते काढून घेणं मला अन्यायाचं वाटतं. माझ्या ठाण्याच्या वर्गात येणाऱ्या पालकांनाही मी हेच सांगते.

आणि त्याला खरं सांगा, डिसलेक्सिया (वाचन-लेखनातली अध्ययन अक्षमता) हे नाव घेऊन सांगा. ‘तुझी बुद्धी चांगली आहे, तपासणीतही तेच दिसलं. अक्षरं वाचायला-लिहायला तुला जास्त वेळ लागतो, म्हणून आपण वेगळ्या पद्धतीने शिकायचं.’ हे बाबांनीही त्याच्याशी बोलावं. अमेरिकेतल्या पासाडेनाच्या फ्रॉस्टिग सेंटरने अशा मुलांचा २० वर्षं मागोवा घेतला. पुढे आयुष्यात जी नीट उभी राहिली, त्यांच्यात बुद्ध्यांकापेक्षा वेगळ्याच गोष्टी ठळक होत्या : स्वतःची अडचण ओळखणं, चिकाटी, योग्य वेळी मदत घेणं.

मदत मागणं शिकवावं लागतं. घरी तुम्ही त्याच्या वर्गातल्या बाई व्हा. त्याने म्हणायचं, ‘बाई, माझं उतरवून झालं नाही, मित्राची वही घरी नेऊ?’ एक-दोनदा मुद्दाम ‘नाही’ म्हणा. नकार आला की गप्प बसून रडायचं नाही, दुसरा काय मार्ग विचारायचा, हा सराव मला पाढ्यांहून महत्त्वाचा वाटतो.

‘दहा वेळा लिही’ घरात नको. इतिहास वाचून दाखवा, उत्तर तोंडी घ्या. शुद्धलेखनाला वेगळी, छोटी वेळ ठेवा. काल अडलेला शब्द आज कसा सुटला, हे त्यालाच सांगू द्या.

प्रमाणपत्र काढायला संकोचू नका. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. जादा वेळ, लेखनिक, गणिताला कॅल्क्युलेटर अशा सवलती त्यावर मिळतात. वाशीला नवी मुंबई महापालिकेचं ईटीसी हे दिव्यांगांसाठीचं शिक्षण-प्रशिक्षण केंद्र आहे, आधी तिथे चौकशी करा. वयाच्या १४व्या वर्षी पुन्हा तपासणी करून प्रमाणपत्र नव्याने घ्यावं लागतं. दहावीच्या सवलतींचा अर्ज शाळेमार्फत बोर्डाकडे जातो, म्हणून सगळे अहवाल एका फाइलमध्ये ठेवा आणि पुढच्या तपासणीचं वर्ष आताच तिच्यावर लिहून टाका.