लाईन जाऊन आली की नेटवर्क प्रिंटर 'ऑफलाइन' का दाखवतो?

तुमच्या धरमपेठच्या ऑफिसात पाच कॉम्प्युटर, प्रिंटर एक, आणि लाईन जाऊन आली की तो 'ऑफलाइन'. प्रिंटर बिघडलेला नाही, बहुतेक त्याचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) बदलतोय आणि कॉम्प्युटर त्याला जुन्याच पत्त्यावर शोधतात. राउटरच्या डीएचसीपीत (आयपी वाटणारी सेटिंग) प्रिंटरच्या मॅक ॲड्रेससाठी (त्याचा स्वतःचा हार्डवेअर नंबर) एक आयपी राखून ठेवा. मग एका कॉम्प्युटरवर 'स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट' घालून (पोर्ट नंबर ९१००) प्रिंटर जोडा आणि तिथून बाकीच्यांना शेअर करा. विंडोज स्वतःहून डब्ल्यूएसडी (प्रिंटर आपोआप शोधून जोडणारा) पोर्ट घेतं, तो टाळाच. एवढं करूनही ऑफलाइन दिसला, तर पोर्टच्या सेटिंगमध्ये 'एसएनएमपी स्टेटस'समोरची (प्रिंटरला त्याची स्थिती विचारत राहण्याची) टिक काढा; माझे सीताबर्डीच्या दुकानात या एका टिकेपायी दोन दिवस गेले होते. शेअर करणारा कॉम्प्युटर स्लीपमध्ये जाऊ देऊ नका. राउटरला छोटा यूपीएस लावा, पण लेझर प्रिंटर त्यावर नको. त्यातला फ्यूजर (टोनर तापवून कागदावर पक्का करणारा भाग) तापताना फार करंट ओढतो.