आधी गाडीखाली बघ, मग बॉनेट उघड

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

रोजच्या वापराला घरात एक गाडी आहे आणि आता दुसरी म्हणून जुनी फोर-बाय-फोर, म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना देता येणारी गाडी, घ्यायची म्हणतोस. यात तुझी मोठी सोय आहे. ऑफिसला जायला ती लागणार नाही, म्हणजे दोन-तीन महिने थांबून आठ-दहा गाड्या बघायला तू मोकळा आहेस. ज्याला सोमवारपासूनच गाडी हवी असते तो पहिल्या चकचकीत थारला टोकन देऊन बसतो. तू तसं करू नकोस.

तुझ्या बजेटमध्ये मुख्यतः तीन गाड्या येतील. एक मारुतीची जिप्सी, १३०० सीसी इंजिनाची एमजी४१३डब्ल्यू. हलकी, साधी, कुठल्याही तालुक्याच्या मिस्त्रीला समजणारी. पण चारही चाकांना कमानपाटे (लीफ स्प्रिंग) असल्याने पाठ हलवून टाकते आणि पेट्रोल भरपूर पिते. दुसरी २०१० ते २०२० मधली जुनी थार, २.५ लिटर सीआरडीई (कॉमन रेल) डिझेलची. ओढ चांगली, पुढे टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारी दांडी), मागे कमानपाटे. तिसरी ऑक्टोबर २०२० नंतरची नवी थार, तिघींत सुखाची आणि महाग. हिच्यात एक फसगत होते: जानेवारी २०२३ पासून हीच गाडी टू-व्हील-ड्राइव्हमध्येही मिळू लागली, आणि बाहेरून फरक चटकन कळत नाही. मुख्य गिअरच्या शेजारी ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीचा) दुसरा, छोटा दांडा आहे की नाही ते आधी बघ. जुन्या थारच्या डीआय (साध्या डिझेल इंजिनाच्या) मॉडेलमध्येही टू-व्हील गाड्या होत्या. माझं मत विचारशील तर घरची माणसं सोबत येणार असतील तर नवी थार घे. एकट्यादुकट्याने मावळातल्या चिखलवाटा करायच्या असतील तर न गंजलेली जिप्सी मिळेपर्यंत थांब.

आता मुख्य गोष्ट. अशा गाडीत तू खरेदी करतोस ती खालची बाजू. इंजिन खराब असेल तर ते उतरवून बांधता येतं, सीट बदलता येतात. कुजलेली चेसीस, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, बदलणं परवडत नाही. म्हणून गाडी रॅम्पवर घे आणि टॉर्च व स्क्रूड्रायव्हर घेऊन खाली उभा राहा. कमानपाट्यांचे हँगर, बॉडी माउंट (बॉडी चेसीसवर बसते त्या जागा) आणि मागची क्रॉस मेंबर (चेसीसची आडवी पट्टी) या तीन जागी चिखल साठतो, ओल टिकते आणि लोखंड आतून खाल्लं जातं. स्क्रूड्रायव्हरने ठोकून बघ. खणखणीत आवाज हवा. भद्द आवाज आला किंवा टोक आत गेलं तर तिथूनच परत फिर. खालून ताजा काळा कोटिंग मारलेला दिसला तर जास्त सावध हो, कारण गंज झाकायचा सर्वांत स्वस्त उपाय तोच आहे. रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गात वाढलेली गाडी असेल तर ही तपासणी दुप्पट वेळ घेऊन कर. खाऱ्या वाळूत फिरवलेली गाडी वरून धुतली जाते, चेसीसच्या पोकळीतलं मीठ मात्र आतच राहतं.

मग तेलं. पुढचा व मागचा ॲक्सल, ट्रान्सफर केस आणि गिअरबॉक्स, चारही ठिकाणचं थोडं तेल काढून बघायला मालकाची परवानगी माग. तेल दुधाळ असेल तर पाणी आत गेलंय. गरम ॲक्सल ओढ्याच्या थंड पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर (हवा ये-जा करायची नळी) तुंबलेला असेल तर सीलमधून पाणी ओढलं जातं. ड्रेन प्लगच्या चुंबकावर काळी मऊ पेस्ट चालते. लोखंडाचे कण किंवा दाताचा तुकडा मिळाला तर क्राउन-पिनियनचा (ॲक्सलमधल्या मुख्य गिअरजोडीचा) खर्च धरूनच बोल.

पुढचं चाक जॅकवर उचल, वर आणि खाली धरून हलव. खेळ जाणवला तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांग. खेळ गेला तर व्हील बेअरिंग. तरीही राहिला तर जिप्सीत किंगपिन (ज्यावर पुढचं चाक वळतं ती खीळ) बेअरिंग, जुन्या सीआरडीई थारमध्ये बॉल जॉइंट. जिप्सीचं स्टिअरिंग साठच्या आसपास थरथरतं, त्यामागे बहुतेक वेळा किंगपिन असतात, पण विकणारा बॅलन्सिंगवर ढकलतो. जुन्या थारमध्ये आणखी एक बघ. गाडी उंच दिसावी म्हणून टॉर्शन बार पिळून ठेवलेले असतात. त्याने पुढच्या एक्सल शाफ्टचा कोन वाढतो, रबरी बूट फाटतात, ग्रीस बाहेर येतं आणि सीव्ही जॉइंट (वळतानाही चाकाला ताकद देणारा सांधा) जातो.

फोर-व्हील कधीही कोरड्या डांबरावर लावून बघू नकोस. या गाड्यांत पुढच्या-मागच्या ॲक्सलच्या मध्ये डिफरन्शियल नाही. वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगळं अंतर कापतात आणि तो ताण शाफ्ट व ट्रान्सफर केसवर येतो. मातीचं मैदान शोध. जिप्सीच्या हबवर हाताने फिरवायचे लॉक असतील तर दोन्ही लॉक कर. फोर-हायमध्ये (फोर-व्हील, नेहमीचा वेग) सरळ चालव, मग सावकाश पूर्ण वळण घे. कटकट आवाज आला तर सीव्ही जॉइंट. मग गाडी थांबवून, न्यूट्रलमध्ये फोर-लो (फोर-व्हील, कमी वेग आणि जास्त ओढ) टाक, पहिल्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटरला पाय न लावता चढ चढव आणि तशीच उतरव. उतारावर दांडा आपोआप सुटून आला तर ट्रान्सफर केस उघडावी लागणार.

इंजिनाचं थोडक्यात सांगतो. ते थंड असताना पोहोच; आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी ये. चालू डिझेलचं ऑइल कॅप सैल करून बघ, तिथून जोरात धूर येत असेल तर रिंग झिजल्यात. निळा धूर म्हणजे तेल जळतंय.

पुराच्या गाड्यांपासून जप. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर, जुलै २०२१ मध्ये महाड-चिपळूण पाण्याखाली गेलं, आणि अशा पुरात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून बाजारात येतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून गाळाची रेघ शोध, कार्पेट उचल, फ्यूज बॉक्समधल्या हिरवट पिना बघ.

सजवलेली गाडी शक्यतो टाळ. मोठे टायर, लिफ्ट, बदललेलं इंजिन यांवर मालकाने खर्च केलेला असतो, पण ती गाडी घाटात कशी रगडली तेही त्यातूनच कळतं. शिवाय कायदा आडवा येतो. कंपनीच्या मूळ नोंदीला विसंगत बदल चालणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलंय, आणि बुल बारवर डिसेंबर २०१७ पासून बंदी आहे. इन्शुरन्सला न कळवलेल्या बदलांमुळे क्लेमही अडकतो. चारही टायर एकाच मापाचे हवेत. बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाच: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा.

कागद. आरसीवरचा चेसीस आणि इंजिन नंबर प्रत्यक्ष छापाशी जुळव. जुन्या जीपगाड्यांत आणि लष्कराच्या लिलावातून आलेल्या जिप्सींत इथेच घोळ निघतो. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घे. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात, परराज्याची असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या गाड्या स्वस्त दिसतात. महाराष्ट्राचा कर, प्रवास आणि पासिंगची धावपळ जोडली की तो फायदा उरत नाही. पंधरा वर्षं झालेल्या गाडीला पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर आहेच. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवलीय का तेही बघ. ई-चलन थकलेली असतील तर ती मालकाला भरायला लाव, मग पैसे दे.

किमतीच्या पंधरा-वीस टक्के रक्कम बाजूला ठेवूनच भाव ठरव. गाडी आणल्यावर पहिल्याच आठवड्यात सगळी तेलं, कूलंट, ब्रेक ऑइल, फिल्टर, बेल्ट बदल आणि प्रोपेलर शाफ्टच्या (ॲक्सलपर्यंत ताकद नेणाऱ्या दांड्याच्या) क्रॉसना, म्हणजे सांध्यांना, ग्रीस मार.

दुसरी गाडी उभी राहून खराब होते. पावसाळ्यात महिनाभर हलली नाही तर क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटते, ब्रेक ड्रम गंजतात, उंदीर वायरिंग कुरतडतात. आठवड्यातून एकदा तरी वीस किलोमीटर फिरव, आणि महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर फोर-व्हील लावून थोडं चालव, म्हणजे पुढच्या ॲक्सलमध्ये तेल फिरत राहील.

पहिली गाडी बघायला जाण्याआधी आरसीचा आणि चेसीसच्या मागच्या भागाचा फोटो मागवून मला पाठव. विकणारा खालचा फोटो द्यायला टाळाटाळ करत असेल तर तिथवर जाण्याचं डिझेल वाचव.

कळावे.