लाल माठाची पानं हिरवी नसतात, मग तो स्वतःचं अन्न कसं तयार करतो?

"पान हिरवं असतं म्हणून झाड अन्न तयार करतं, मग लाल माठ उपाशी का राहत नाही?" तुमच्या लेकीच्या या प्रश्नाला आधी शाबासकी द्या. मी परळला सातवी-आठवीच्या मुलांना विज्ञान शिकवते. धडा मन लावून वाचणाऱ्या मुलालाच हा प्रश्न पडतो.

लाल माठातही हरितद्रव्य, म्हणजे उन्हाच्या मदतीने अन्न तयार करणारं हिरवं द्रव्य असतं, चांगलं भरपूर असतं. लाल रंग त्याला झाकून टाकतो, एवढंच. चार पानं पाण्यात पाचेक मिनिटं उकळून तिला दाखवा. पाणी लालभडक होईल आणि पान हिरवट दिसू लागेल. लाल रंग पेशीतल्या रिक्तिकेत, म्हणजे पाण्याने भरलेल्या पिशवीत विरघळलेला असतो. उष्णतेने ती पिशवी फुटली की तो बाहेर येतो. हरितद्रव्य मात्र हरितलवकांच्या, म्हणजे पेशीतल्या हिरव्या कणांच्या पापुद्र्यांत बसलेलं असतं आणि पाण्यात विरघळत नाही. शिवाय हे लाल द्रव्य मुख्यतः हिरवा प्रकाश शोषतं, तर हरितद्रव्याला लागतो निळा आणि तांबडा. त्यामुळे पानाचं काम अडत नाही. (हा लाल रंग बीटाच्या जातकुळीतला, बीटालेन. कोकमाचा लाल रंग वेगळा, अँथोसायनिन. हे दोन्ही एकाच झाडात कधी सापडत नाहीत, याचं मला अजून नवल वाटतं.)

आता अन्न खरंच तयार झालं का, ते पाहू. पान दिवसभर उन्हात साखर तयार करतं आणि त्यातली काही स्टार्च म्हणून साठवतं. स्टार्चवर आयोडीन पडलं की निळा-काळा रंग येतो.

पहिल्यांदा मी हा प्रयोग दादरहून सकाळी आणलेल्या जुडीवर केला आणि आयोडीन तपकिरीच राहिलं. मुलं हिरमुसली. चूक माझी होती. पानातला स्टार्च रात्री वापरला जातो. त्याची पुन्हा साखर होते आणि ती मुळं-खोडाकडे जाते किंवा पान स्वतःच खर्च करतं. खुडलेली, गोणीत अंधारात रात्र काढलेली जुडी सकाळपर्यंत रिकामी झालेली असणारच. मग मी खिडकीतल्या कुंडीत माठ पेरला. महिन्याभरात पानं आली. उन्हाच्या दिवशी दुपारी तीनला एक पान खुडलं, पाण्यात उकळलं, मग स्पिरिटच्या वाटीत घालून ती वाटी गरम पाण्यात ठेवली. हरितद्रव्य स्पिरिटमध्ये उतरलं आणि पान फिकट झालं, म्हणजे आयोडीनचा रंग नीट दिसतो. ते धुऊन त्यावर केमिस्टकडचं टिंक्चर आयोडीन पातळ करून टाकलं आणि पान काळंनिळं झालं! वर्गात एकच कल्ला. तुम्हीही असंच करा, पण गॅस बंद करूनच स्पिरिट हातात घ्या, ते पटकन पेट घेतं. हे काम मोठ्यांनीच करायचं.

तिला पुढे हेही सांगा की भातातला स्टार्च आणि माठाच्या देठातला चोथा, म्हणजे सेल्युलोज, दोन्ही ग्लुकोजच्याच साखळ्या आहेत. फक्त कड्या जोडायची तऱ्हा वेगळी. भाताच्या कड्या आपली पाचकरसं सोडवतात, चोथ्याच्या सोडवता येत नाहीत, म्हणून तो पोट साफ ठेवायला उपयोगी पडतो.

आणि "लाल भाजी खा, रक्त वाढेल" हे घरोघरी ऐकू येतं, त्याबद्दल. माठात लोह असतं हे खरं, पण लाल रंगाचा त्याच्याशी संबंध नाही. त्या रंगद्रव्यात लोह नसतंच. हिरव्या माठातही लोह असतं. भाजीतलं लोह अंगी लागायला वर लिंबू पिळा आणि जेवणाला लागून चहा घेऊ नका. फोडणीला थोडं तेल असू द्या, कारण पानातलं बीटा-कॅरोटीन, ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं, तेलासोबतच नीट शोषलं जातं. भाजीला सुटलेलं लाल पाणी मात्र ओतून देऊ नका, क जीवनसत्त्व त्यातच उतरतं.