समन्स आलं तरी साहेब येतच नाहीत, मग पुढे काय?

प्रश्न : ताई, अमेरिकेत संसदेनं समन्स काढलं तरी मंत्री-अधिकारी जात नाहीत म्हणे, मग त्यांना कोणच काही करू शकत नाही का? – एक वाचक, डिचोली

उत्तर : भाऊ, करता येतं, पण गोम अशी की संसदेनं अवमानाचा ठराव केला तरी खटला भरायचा तो न्यायखात्यानं, आणि ते खातं सरकारच्याच हाताखाली. २०१२ मध्ये तिथले अ‍ॅटर्नी जनरल, म्हणजे न्यायखात्याचेच प्रमुख, एरिक होल्डर यांनी शस्त्रतस्करीच्या प्रकरणातली कागदपत्रं दिली नाहीत म्हणून संसदेच्या खालच्या सभागृहानं २५५ विरुद्ध ६७ मतांनी त्यांना अवमानाबद्दल दोषी धरलं, आणि खटला कोणी भरायचा तर त्यांच्याच खात्यानं! अर्थात भरला नाही. उलट सत्ता बदलली की चक्र फिरतं, ट्रम्प यांचे तेव्हा माजी असलेले सल्लागार पीटर नवारो २०२४ मध्ये ह्याच गुन्ह्यासाठी चार महिने तुरुंगात गेले.

आपल्याकडे गोव्यात पर्वरीच्या विधानसभेलाही राज्यघटनेच्या कलम १९४ खाली विशेषाधिकार, म्हणजे अवमान करणाऱ्याला शिक्षा द्यायचेही हक्क, आहेत. २०२३ मध्ये उत्तर प्रदेश विधानसभेनं सहा पोलिसांना एका दिवसाची कैद दिली, तीही २००४ च्या विशेषाधिकारभंगाच्या प्रकरणात, एवढा उशीर बघून खरंच जीव तुटतो.

आमच्या ग्रामसभेत मी स्वतः बघितलंय, रस्त्याची फाईल मागितली की साहेबांची खुर्ची रिकामी, आणि म्हातारी माणसं उन्हातनं येऊन दोन तास बसलेली. राग येतोच. तुम्ही माहिती अधिकाराचा अर्ज टाका, ३० दिवसांत उत्तर नाही तर अपील करा, माहिती आयोग त्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० पर्यंत दंड करू शकतो, आणि तो त्याच्याच खिशातनं जातो.